यादीतला खडू

१२ जानेवारी

ताई,

पोचले. खुशाली मागच्या पानावर वेगळी लिहिलीय, ती आईला वाचून दाखव. हे पान तुझं एकटीचं, कारण यात मी तुझ्याशी भांडणार आहे.

ही तुझी जुनी पिशवी म्हणजे पिशवी आहे की बोचकं? खांदा मोडला माझा. विमानतळावर वर्दीतल्या बाईने एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचं घर लुटून आलेय. चमचा काढला, शिट्टी काढली, शेवटी खडू काढला. तो तर तिने नाकाशी नेऊन हुंगला. हातवारे करून विचारलं, हे कशाला? मी काय सांगणार, कपाळ! मला तरी कुठे माहीत आहे?

खोलीवर आल्यावर झाकणाच्या आत तू चिकटवलेली यादी परत वाचली. 'घराबाहेर पडताना पिशवीत कायम असावं' असं वर लिहिलंयस, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं. पत्ता लिहिलेला कागद, तिथल्या भाषेत. जास्तीचे मोजे, प्लास्टिकच्या पिशवीत. चमचा. घडी घातलेलं वर्तमानपत्र, कालचं चालेल. व्हॅसलीन. सुई-दोरा. शिट्टी. कंगवा आणि लिपस्टिक. खडू. आणि खाली दोन रेघा मारून: खोलीची किल्ली पिशवीत नको, गळ्यात.

अगं, वर्तमानपत्र कशाला? मला इथली अक्षरं लागत नाहीत. चमचा कशाला? ऑफिसात चमचे नसतात? आणि सात वर्षं खुर्चीवर बसलेल्या बाईचे मोजे भिजतात कसे? कारण एकाचंही लिहिलं नाहीस. नुसतं 'असावं'. लहानपणापासून तुझं हेच. हे घाल, ते घे, प्रश्न विचारू नकोस.

खोली ठीक आहे. खिडकी उघडली की समोर भिंत. दुसऱ्या खाटेवर एक बेकरीवाली आहे, मी जागी असताना ती झोपलेली असते. तुझ्या ओळखीची मुकादमीण भेटली. म्हातारी झालीय, पण पाठ ताठ आहे. सोमवारी पहाटे पाचला मागच्या दाराशी ये म्हणाली. पहाटे पाचला कुठलं ऑफिस उघडतं? विचारणार होते, पण तेवढी भाषा कुठे येते मला?

चौदा वर्षं काजाच्या मशीनवर बसले मी. शेवटची चार वर्षं सगळी लाइन माझ्या हाताखाली. ते सोडून आलेय. पोरगी हॉस्टेलवर आहे, रविवारी घरी येईल तेव्हा तिला रागावू नकोस. दुसरं वर्ष आहे नर्सिंगचं, थकून येते बिचारी.

तुझी धाकटी

३० जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र रविवारी वाचून दाखवलं. आई खूश आहे. 'खोलीला खिडकी आहे ना?' एवढं तीनदा विचारलं तिने. आहे म्हटलं.

पिशवीतलं काही काढू नकोस. जड वाटली तरी काढू नकोस. मी सात वर्षं तिथे काढली आहेत, तू सात दिवस काढलेस आणि लागलीस अक्कल शिकवायला. प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. ते तिथे गेल्यावर आपोआप कळतं, मी इथून लिहून काय होणार?

मुकादमीण तोंडाने फटकळ आहे पण मनाने वाईट नाही. ती सांगेल ते पहिले दोन महिने मुकाट्याने कर. हळूहळू जम बसतो. सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं.

पोरगी मजेत आहे. भिंतीवरचा माझा फोटो बघून म्हणाली, आता आईचाही असा फोटो येईल. मी म्हटलं, येईल.

व्हॅसलीन रोज लाव. आळस करू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

खोटारडी आहेस तू. एक नंबरची खोटारडी.

हे पत्र चार पानांचं आहे. यात तुझं पान, आईचं पान असं काही नाही. शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवायचा. रविवारी वाच, पोरगी घरी असताना.

सोमवारी पहाटे मी साडी नेसून, वर कोट घालून, लिपस्टिक लावून गेले. ऑफिसात पहिला दिवस ना माझा! मुकादमिणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, निळा डगला दिला आणि हातात बादली दिली. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक झाली, मी भलत्याच ठिकाणी आले. तुझा तो पत्त्याचा कागद काढून तिला दाखवला. तिने मान डोलावली. पत्ता बरोबर होता.

आपल्या भाषेतले तीन शब्द येतात तिला. 'पूस', 'कोपरा' आणि 'परत'. कुणी शिकवले असतील, सांग बघू? मी फरशी पुसली की ती बोटाने दाखवते, कोपरा. मग म्हणते, परत. एवढ्या लांब परक्या देशात आपली भाषा ऐकायला मिळाली, ती ही अशी.

आता तुझी यादी मला पाठ झालीय आणि कारणंही. ऐक. आईलाही ऐकव.

डगल्याला खिसे नाहीत आणि पिशव्या खाली कपाटात कुलपात ठेवतात, म्हणून किल्ली गळ्यात. बादलीचं पाणी बुटात जातं, म्हणून जास्तीचे मोजे. फरशीच्या औषधाने तळहाताला भेगा पडतात, म्हणून व्हॅसलीन. त्या औषधाचा वास साबणाने तीनदा धुतलं तरी हाताला राहतो आणि हाताने घास घेतला की उलटी येते, म्हणून चमचा. आम्हाला टेबलावर बसून जेवायची परवानगी नाही. जिन्यात बसायचं, आणि तिथली फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून कालचं वर्तमानपत्र. पहाटे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, म्हणून शिट्टी. सुई-दोऱ्याने मी मुकादमिणीचं तुटलेलं बटण लावून दिलं, तेवढीच एक गोष्ट इथे आल्यापासून मला नीट जमलीय. खडू कशाला ते अजून कळलं नाही. कळेल, त्याचंही काहीतरी घाणेरडं कारण असेलच.

आणि कंगवा-लिपस्टिक? ते गेल्या गुरुवारी कळलं. मला अकराव्या मजल्यावर पाठवलं. खिडकीजवळ मोठं टेबल. त्यावर हिरवा दिवा. दिव्याशेजारी पितळी घोडा. ताई, माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. आपल्या भिंतीवरचा फोटो! वीस वर्षं आल्यागेल्याला दाखवतो आपण, आमची थोरली, परदेशात ऑफिसात असते. मुकादमीण आली. तिने खुर्चीकडे बोट दाखवलं, तुझं नाव घेतलं आणि डोळ्यांपुढे दोन्ही हात धरून कॅमेऱ्याची खूण केली. तो फोटो तिनेच काढला होता म्हणे, आणि त्यासाठीच कंगवा-लिपस्टिक. हसत होती. फोटोत तुझा डावा हात टेबलाखाली का आहे, हे मी वीस वर्षं बघत आले आणि कधी विचारलं नाही. रबरी हातमोजा होता ना हातात?

काम हलकं म्हणून मी रडत नाही. काम करायची मला लाज नाही, चौदा वर्षं मशीनवर कंबर मोडलीय माझी. पण मी काज करणारी बाई आहे. माझ्या हाताखालून गेलेलं काज कधी उसवलं नाही. ते सोडून मी इथे आले, ते तुझ्या त्या फोटोवर विसंबून. निघताना दारात उभी राहून हात हलवलास. एकदा म्हणाली असतीस, 'जाऊ नकोस, मी तिथे फरशा पुसत होते.' सात-आठ शब्द. जीभ झडली असती का तुझी?

आता माझ्या पोरीला सांग. ती तुझ्या फोटोला नवस बोलल्यासारखी बघते. तिला खरं सांग, आणि तू सांग. मी नाही सांगणार, खोटं तुझं आहे.

धाकटी

८ मार्च

धाकटे,

झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. मलाही राग येतो, आणि तो मी वीस वर्षं पोटात ठेवलाय.

मी तिथून पहिलं पत्र लिहिलं ते खरं लिहिलं होतं. बादली, मोजे, जिना, सगळं. रडत लिहिलं होतं. तेव्हा घरात पत्रं बाबा वाचून दाखवायचे. आईला अक्षर कधीच कळलं नाही आणि तू बारावीची पोर, तुझ्या हातात ते पत्र देत नसत. त्यांचं उत्तर आलं. अजून माझ्याकडे आहे. लिहितात: 'असे पुन्हा लिहू नये. धाकटीला बघायला मंडळी येणार आहेत. तू ऑफिसात आहेस असे सांगितले आहे. शक्य असल्यास खुर्चीत बसलेला एक फोटो पाठवावा.'

कळलं? फोटो मागवला होता माझ्याकडून. शर्ट मागवावा तसा. मुकादमिणीच्या पाया पडले मी एका फोटोसाठी. तो फोटो तुझ्या सासरच्यांना दाखवला आणि तुझं लग्न ठरलं. तू म्हणतेस, वीस वर्षं आल्यागेल्याला दाखवतो. पहिल्यांदा दाखवला तो तुझ्यासाठी, बाईसाहेब. माझं लग्न राहिलंच. परदेशात एकटी राहिलेली मुलगी कोण करतो? पण तुझ्या मांडवात माझ्या खुर्चीचं कौतुक चाललं होतं.

आणि दारात हात हलवला म्हणतेस. मी तीनदा सांगितलं, जाऊ नकोस. थंडी सोसवणार नाही म्हटलं, वय झालं म्हटलं, पोरगी शिकतेय म्हटलं. तू काय म्हणालीस आठवतंय? तुझा नवरा वारल्यापासून सहा वर्षं तुझ्या तोंडातून असा शब्द आला नव्हता. म्हणालीस, 'तुला एकटीलाच मिरवायचंय का?' सगळ्यांसमोर म्हणालीस. त्यानंतर मी काय बोलणार होते? खरं सांगायचं तर आधी भिंतीवरचा फोटो उतरवावा लागला असता, बाबांना खोटं पाडावं लागलं असतं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं?

म्हणून ती यादी केली. तीन दिवस बसून आठवून आठवून केली. मला दुसरं काही करता येत नव्हतं. तुझे पाय भिजू नयेत, तुझे हात फाटू नयेत, एवढं तरी माझ्या हातात होतं. तर तू त्याच्यावरही तोंडसुख घेतलंस.

पत्र रविवारी वाचून दाखवलं. पोरगी घरी होती.

ताई

२० मार्च, हॉस्टेल

प्रिय आई,

मी पहिल्यांदाच तुला वेगळं पत्र लिहितेय, कारण बातमीच तशी आहे. मावशीने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मी अक्षरशः उड्या मारल्या. अकरावा मजला! खिडकीजवळ मोठं टेबल, हिरवा दिवा आणि तोच पितळी घोडा! मावशीच्याच जागेवर तुला बसवलं म्हणजे काय गंमत आहे गं! मी वॉर्डातल्या सगळ्या मुलींना सांगितलं.

आई, मीही ठरवलंय. मी येतेय. रागावू नकोस. मला इथे आता एक दिवस काढवत नाही. सिस्टर व्हायचं म्हणून आले आणि दीड वर्षं बेडपॅन धुतेय. काल मेट्रनने सगळ्यांसमोर मला वॉर्डाची फरशी पुसायला लावली. दोनदा! कोपरा राहिला म्हणे. मी काय मोलकरीण आहे? तुम्ही दोघी खुर्चीवर बसणार आणि मी हे करत बसायचं?

कोर्स सोडायचा फॉर्म आणलाय. वीस एप्रिलपर्यंत द्यायचा, एकदा पुढे गेला की तो परत देत नाहीत आणि मलाही परत घेत नाहीत. मावशीला म्हटलं, तुमच्या मुकादमीणबाईंना माझ्यासाठी लिहा. ती नुसतं म्हणाली, 'बघू.' तू तिला सांग ना जरा. आणि पिशवीत काय काय घेऊ त्याची ती यादी मलाही पाठव.

तुझी लाडकी

५ एप्रिल

ताई,

तू माझ्या पत्रातला मजला वाचलास आणि बादली वाचली नाहीस. दिवा वाचलास, घोडा वाचलास, खुर्ची वाचलीस. 'खोटारडी' ऐकून माझी पोरगी उड्या मारणार नाही, म्हणजे तो शब्द तू वाचलाच नाहीस. केवढी हुशार बाई! चार पानांतून नेमकं निवडून काढलंस, तांदळातले खडे काढावेत तसं. फक्त तू तांदूळ फेकलास आणि खडे शिजायला घातलेस.

तुझं मागचं पत्र वाचून मी दोन दिवस रडले होते, हेही ऐकून ठेव. बाबांचं ते वाक्य वाचून मला माझ्या लग्नातल्या फोटोंकडे बघवेना. तुझी क्षमा मागणारं पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं. ते फाडलं.

बाबांनी तुझं पत्र गाळून वाचलं, त्याचा तुला वीस वर्षं राग आहे. मग तू माझं पत्र काय केलंस?

काल फोन केला. आपल्या घराखालच्या औषधाच्या दुकानात तो तूच घ्यायला खाली आलीस. मी म्हटलं, 'पोरीला सांग, फॉर्म भरू नकोस.' तू म्हणालीस, 'हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे.' ताई, मला तुझा श्वास ऐकू येत होता. मागे दुकानदार खोकला तेही ऐकू आलं. हॉस्टेलला लावला तर सांगितलं, विद्यार्थिनींना फोनवर बोलावत नाही, पत्र लिहा.

म्हणून तिला आज वेगळं पत्र टाकलंय. वीस तारखेच्या आत पोचेल की नाही, देव जाणे. पंधरा दिवस लागतात, कधी अठरा. उशीर झाला आणि माझ्या पोरीने तो फॉर्म दिला, तर मी तुझं तोंड या जन्मात बघणार नाही. हे उगाच रागात लिहीत नाहीये. आज दोन वेळा वाचून मग पाकिटात घालतेय.

धाकटी

५ एप्रिल

बाळ,

फॉर्म देऊ नकोस. हे वाक्य आधी तीनदा वाच.

मी ऑफिसात बसत नाही. ऑफिस पुसते. मावशीही सात वर्षं तेच करत होती. त्या खुर्चीवर ती बसली ती फोटोपुरती. मावशीने तुला जे वाचून दाखवलं ते मी लिहिलेलं नव्हतं. माझी पत्रं मावशीकडे आहेत, माग आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

तुला फरशी पुसायला लावली म्हणून तू कोर्स सोडून जिथे यायला निघालीस, तिथे फरशीच आहे. इथे कुणी मेट्रन नाही, जी उद्या तुला सुई धरायला शिकवेल. तू बेडपॅन धुतेस आणि दोन वर्षांनी लोक तुला सिस्टर म्हणतील. मला इथे टाळी वाजवून बोलावतात.

चूक माझीही आहे. पहिल्याच दिवशी तुला वेगळं पत्र लिहायला हवं होतं. आपल्या घरात पत्र एकच येतं आणि एकजण वाचतो, अशी सवय लागली. दुसरं सुचलंच नाही मला. आणि खरं सांगू? तुला बादली दिसू नये असं मलाही थोडं वाटत होतं. मावशीच्या तोंडून कळलं असतं, तर तिची बादली आधी दिसली असती, माझी नंतर.

यादी पाठवत नाही. तुला तिची गरज पडू नये.

आई

१९ एप्रिल

धाकटे,

हे मी, तुझी आई, सांगतेय आणि तुझी पोरगी लिहितेय. तिला बजावलंय, एक शब्द गाळलास तर काठी घालीन. (आई, आजी ओरडून ओरडून सांगतेय. माझे कान गेले.)

मला दिसत नाही म्हणून या घरात सगळ्यांनी मला भिंत समजायचं ठरवलंय का? डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. थोरली पत्र वाचते तेव्हा पान उलटल्याचा आवाज येतो. तुझं ते फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा तिने चार पानं उलटली आणि वाचलं अर्ध्या पानाचं. मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं बघू, स्वतःहून बोलते का. नाही बोलली.

मग दोन आठवड्यांमागे फोन आला म्हणून खाली गेली. वर आल्यावर विचारलं, कुणाचा? तर म्हणे लाइन खराब होती. लाइन खराब असली की माणूस चिडतं. ही पायरीवर बसून राहिली. रविवारी पोरगी आल्यावर मी तिला सांगितलं, मावशीच्या कपाटातला पत्र्याचा डबा काढ आणि पहिल्यापासून वाच. मोठ्याने. (मावशीने जाळली नव्हती गं पत्रं. तारखेप्रमाणे लावून ठेवली होती.)

वाचलं सगळं. थोरली समोर बसली होती. 'खोटारडी' आलं तिथे पोरगी थांबली, तर थोरलीच म्हणाली, वाच पुढे. बाबांचं पत्रही डब्यात होतं, तेही वाचलं. मग मी ओरडले. इतकी ओरडले की दुकानदार वर आला, काय झालं आजी म्हणून. मी त्याला सांगितलं, आमची थोरली परदेशात फरशा पुसायची, सात वर्षं. तो म्हणाला, बरं, आणि गेला. एवढंच झालं. याच्यासाठी वीस वर्षं!

आता माझं ऐक. तुझे वडील पत्र वाचायचे तेव्हा मला दिसत होतं. थोरलीचं पहिलं पत्र वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि मला सांगितलं, ऑफिसात लागली. मुलगी ऑफिसात लागली म्हणून कुठला बाप चष्मा पुसतो? मला कळलं होतं, धाकटे. तुझं लग्न जमत होतं. मी गप्प बसले. ती परत आली तेव्हा मी तिची पिशवी तीन पाण्यांनी धुतली, तरी औषधाचा वास जाईना. तिचे हात हातात घेतले तर भेगांमध्ये माझं बोट अडकलं. तेव्हाही गप्प बसले. रोज तेल लावून दिलं आणि विचारलं काही नाही. तिला वाटलं आईला माहीत नाही, मला वाटलं विचारलं तर तिला लागेल. तू तिला खोटारडी म्हणालीस ते बरोबर आहे. पण मग मलाही म्हण.

तुला तिथे राहायचं असेल तर राहा, यायचं असेल तर ये. लोकांना काय सांगायचं याची काळजी करू नकोस, मी सांगेन. थोरलीने फोटो उतरवला होता, मी परत लावायला लावला. छान आलाय म्हणतात ना? मग राहू दे. कुणी विचारलं तर खरं सांगायचं.

आई

(आई, माझं: फॉर्म मी मेट्रनच्या टेबलावर ठेवला होता. रविवारी वाचलं आणि सोमवारी सकाळी परत मागायला गेले. तिने तो खणातून काढून दिला, म्हणाली, 'मी पुढे पाठवलाच नव्हता. जा, फरशी पूस.' तुझं पत्र या वेळी लवकर पोचलं, तरी बुधवारी. मी तुमच्या तिघींवर खूप चिडलेय. मावशीवर जास्त, पण तुझ्यावरही. मी मुलींना सगळं सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? तरी जाईन. पुढच्या वर्षी सुई धरायला देणार आहेत.)

धाकटे, मी ताई. खाली जागा आहे म्हणून लिहिते. आता कुणी गाळून वाचणार नाही.

फोनवर मी खोटं बोलले. मला भीती वाटली. पोरीला कळलं की ती माझ्याकडे परत कधी तशी बघणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तिचं वर्ष जाईल हे डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी बोलले असते का, माहीत नाही. क्षमा कर असं लिहायला हात होत नाही, पण लिहिते. क्षमा कर.

खडूचं विचारलंस. बाबांचं ते उत्तर आलं आणि फोटो काढून झाला, त्यानंतर मला खरं कुठे लिहायचं तेच राहिलं नाही. घरी लिहायचं नाही. तिथे भाषा येत नाही. अकराव्या मजल्यावरच्या त्या टेबलाखाली जा. गुडघ्यावर बसून आत वर बघ. तिथे फक्त पुसणारीच वाकते.

ताई

६ मे

ताई,

गेले टेबलाखाली.

आत अंधार होता, तो हिरवा दिवा खाली ओढून घेतला. फळीवर सगळीकडे तुझं अक्षर. पुसट झालंय पण लागतं. 'आज पाय भिजले.' 'आज आईचा वाढदिवस.' 'खुर्ची माझी नाही, फरशी मी पुसते.' एका कोपऱ्यात, 'धाकटीचं आज लग्न. जेवले नाही.' ते वाचलं आणि तिथेच बसून राहिले. मुकादमीण दारातून ओरडली, 'परत!' मी आपल्या भाषेत तिला म्हटलं, थांब गं बाई जरा. काय समजली कुणास ठाऊक, गेली.

राग गेलेला नाही. तुला वाटेल पत्र गोड आहे, म्हणजे गेला. तो फोनवरचा श्वास अजून कानात आहे माझ्या. आईवरही आहे राग, आणि बाबांवर तर आहेच, त्यांना आता कुठे गाठू? पण तोंड बघणार नाही म्हणाले होते, ते मागे घेते. पोरगी वाचली.

करार डिसेंबरपर्यंत आहे. तोवर पुसेन. मुकादमिणीच्या ओळखीचा एक शिंपी आहे, रविवारी त्याच्याकडे काज करून दाखवलं. त्याने भिंग लावून बघितलं आणि दुसरं कापड पुढे केलं. बघू.

तुझ्या अक्षराखाली जागा होती. खडू होताच पिशवीत. मी लिहिलं, 'आता मी पुसते. घरी सगळ्यांना माहीत आहे.'

हे पत्र दोन पानांचं आहे. तूच वाच. आईला सांग, मोजून घे.

धाकटी